आधी तूच सांग

सोलापूर

चि. माऊस,


तुझ्या हातांच्या थरथरीला डॉक्टरांनी 'इसेन्शियल ट्रेमर' असं नाव दिल्यापासून घरात दोन मतं पडली आहेत. एक म्हणतं, शाळेत कुणाला कळूच द्यायचं नाही. दुसरं म्हणतं, फक्त वर्गाच्या बाईंच्या कानावर घालावं आणि विषय संपवावा. दोन्ही मतांमागे तुझी काळजीच आहे, तरी मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं असं, की तू हे वर्गाला स्वतःच्या तोंडून सांगावंस. कुणी विचारायच्या आधी, सरळ शब्दांत आणि आवाजात माफीचा सूर न आणता. समोर बसून बोललो असतो तर तू मान डोलावून मोकळी झाली असतीस, म्हणून लिहून देतोय. सवडीनं वाच, जिथे पटणार नाही तिथे पेन्सिलीनं खूण कर.

जे सांगायचं ते आधी तुला स्वतःला नीट समजलेलं हवं. तुझा हात मांडीवर पडलेला असतो तेव्हा अगदी शांत असतो. स्टीलचा पेला उचललास की थरथर सुरू होते, आणि पेला ओठांजवळ पोचेपर्यंत ती वाढते. पाण्यावर बारीक वर्तुळं उठतात, काठोकाठ भरलेला असेल तर गणवेशावर सांडतं. गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल रेघ काढायला डॉक्टर सांगतात तीही हाच कंप बघण्यासाठी. शांत हाताची रेघ गुळगुळीत येते, तुझ्या रेघेला बारीक दाते पडतात. काम करताना येणारा हा कंप सेकंदाला साधारण ४ ते १२ वेळा होतो. पार्किन्सन्समध्ये, ज्याला आपल्याकडे कंपवात म्हणतात, बहुधा उलटं असतं: हात स्वस्थ असताना कापतो, काम करू लागला की कंप कमी होतो. तेव्हा 'हिला एवढ्यात कंपवात झाला' असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे, हे तुला ठामपणे म्हणता आलं पाहिजे. 'इसेन्शियल'चा अर्थही इथे 'आवश्यक' असा नाही. ज्याच्यामागे दुसरा कोणताही आजार सापडत नाही, असा त्याचा वैद्यकातला अर्थ. इटलीतल्या पिएत्रो बुरेसी या डॉक्टरांनी १८७४ मध्ये हा शब्द वापरला तेव्हा त्यांच्यासमोरचा रुग्ण अवघा १८ वर्षांचा होता, म्हणजे 'हे म्हाताऱ्यांचं दुखणं' ही समजूत पहिल्यापासूनच खोटी आहे. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात अनुमस्तिष्क म्हणून जो भाग आहे, तो आणि मेंदूचे इतर भाग यांच्यात जे निरोप जातात-येतात त्या जाळ्यात हा कंप उपजतो, असं आज मानलं जातं. पुष्कळ घरांत तो पिढीजात येतो, आणि तसा येतो तेव्हा प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता साधारण निम्मी असते. थायरॉइड वाढला, दम्याची काही औषधं चालू असली किंवा शरीरात तांबं साठवणारा विल्सनचा आजार असला तरी मुलांचे हात कापतात. तुझ्या रक्ताच्या आणि डोळ्यांच्या एवढ्या तपासण्या झाल्या त्या ही कारणं बाजूला काढण्यासाठी. बुद्धीशी, भित्रेपणाशी, नीट न जेवण्याशी याचा संबंध नाही.

आता मूळ मुद्दा. ही गोष्ट लपण्यासारखी असती तर सांगावं की न सांगावं हा खरा प्रश्न झाला असता. पोटातलं दुखणं लपतं, हात लपत नाहीत. फळ्यावर गणित सोडवताना, कंपासचं टोक बिंदूवर टेकवताना, डब्यातली आमटी वाटीत ओतताना सगळा वर्ग ती थरथर पाहतोच. तू गप्प राहिल्यानं ती झाकली जात नाही; तिचा अर्थ लावायचं काम तेवढं तू दुसऱ्यांच्या हाती देतेस. आणि दुसरे तो अर्थ हाताशी असेल त्या सामानातून लावतात: घाबरली असेल, अंगात रक्त नसेल, रात्रभर मोबाईल पाहिला असेल, कुणाची दृष्ट लागली असेल. एखादा 'व्हायब्रेशन मोड' म्हणतो आणि ते नाव चिकटून बसतं. आपल्या गावाचं पोटच हातांच्या स्थिरपणावर भरत आलंय. मागावर तुटलेला धागा सांधणारी, विडी वळणारी, कडक भाकरी पापडाइतकी पातळ थापणारी बोटं इथे घरोघरी आहेत. अशा ठिकाणी कापणाऱ्या हाताबद्दल निष्कर्ष फार लवकर निघतो. त्यात शरीराचीही एक खोड आहे. कुणी बघतंय असं वाटलं की अॅड्रिनलिन वाढतं, आणि अॅड्रिनलिन वाढलं की कंप वाढतो. कंप वाढला की आणखी बघणारे तयार होतात. जागरण, उपास, कॉफी यांनी जसा तो वाढतो तसाच तो लपवण्याच्या धडपडीनंही वाढतो. तुझ्या गुपिताची किंमत रोज तुझे हातच मोजतात.

हे सांगायला मोठं भाषण लागत नाही, वहीचं एक पान पुरतं. परिपाठात किंवा विज्ञानाच्या तासाला, बाईंना आधी विचारून, सगळ्यांना हात समोर सरळ धरायला लाव, तळवा खाली, बोटं फाकलेली. त्या बोटांवर एक सुटा कागद ठेवायला सांग आणि कागदाची कड बघायला सांग. ती सगळ्यांचीच थरथरेल. निरोगी माणसाच्या हातातही सेकंदाला ८ ते १२ वेळा होणारा बारीक कंप कायम असतो, तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही एवढंच. कागद त्याला मोठा करून दाखवतो. हेच नेमबाजांतही दिसतं. तुझ्या आजारावर जे प्रोप्रॅनोलॉल नावाचं औषध देतात, ते नेमबाजीच्या स्पर्धांत निषिद्ध आहे, कारण ते नेमबाजाचा हात अधिक स्थिर करतं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याची दोन पदकं याच औषधापायी काढून घेतली गेली. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याच्या खेळात असा नियम करावा लागतो, याचा अर्थ जगातल्या निष्णात नेमबाजांचे हातसुद्धा कापतात. मात्र इथेच थांबू नकोस. 'सगळ्यांचेच हात कापतात' एवढंच म्हणालीस तर कुणीतरी विचारेल, मग तुझं एवढं काय? म्हणून पुढचं वाक्य तयार ठेव: तुमचा कंप दिसत नाही आणि तुमची कामं अडवत नाही, माझा मेंदूतून येतो, मोठा आहे, आणि मी ठरवून तो थांबत नाही.

'आधी सांगितलंस तर मुलं तुझ्याकडे दयेनं बघतील' ही शंका पोकळ नाही. पण दया येते की आदर, हे बरंचसं सांगण्याच्या पद्धतीवर ठरतं. बोलताना अडखळणाऱ्या माणसांबद्दल यावर चांगलं संशोधन झालंय. टेक्सास विद्यापीठातल्या कोर्टनी बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत श्रोत्यांना चित्रफिती दाखवल्या. वक्त्यानं सुरुवातीलाच 'मी अडखळतो, तुम्हाला काही शब्द पुन्हा ऐकू येतील, समजलं नाही तर विचारा' असं माहितीच्या सुरात सांगितलं, तेव्हा श्रोत्यांना तो अधिक मोकळा आणि आत्मविश्वासाचा वाटला. तेच माफी मागत सांगितलं तेव्हा तेवढा फायदा दिसला नाही. अडखळणं आणि हात कापणं एक नव्हे, हे मान्य. चित्रफीत बघणारे श्रोते आणि रोज शेजारी बसणारी मुलं यांतही फरक आहे. तरी दोन्हींत सारखं काय आहे ते बघ. दोन्ही गोष्टी समोरच्याला दिसतात वा ऐकू येतात, दोन्ही भीतीचं लक्षण म्हणून वाचल्या जातात, आणि दोन्हींत बघणाऱ्यालाच कळत नाही की आपण बघावं की नजर वळवावी. तू सांगतेस तेव्हा त्याची ती अडचणही सुटते. म्हणून 'सॉरी, माझे हात जरा कापतात' हे वाक्य तुझ्या तोंडी नको. 'माझे हात कापतात, याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात, दुखत नाही, संसर्गानं होत नाही, काही विचारायचं असेल तर विचारा' हे हवं. हेच वाक्य रडव्या आवाजात म्हटलं तर दया येईल, आणि नकाशात पंढरपूर दाखवावं तसं सहज म्हटलं तर माहिती होईल.

मग बाईंनीच सांगितलं तर काय बिघडलं? बाई हव्यातच. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं, की माणसांमधले पूर्वग्रह नुसत्या उपदेशानं फारसे जात नाहीत. बरोबरीच्या नात्यानं एकत्र काम केलं, आणि वरच्या अधिकाऱ्यांचा त्याला पाठिंबा असला, म्हणजे ते कमी होतात. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये अशा ५१५ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा संपर्कानं पूर्वग्रह कमी होतात हेच दिसलं. यातला 'बरोबरीच्या नात्यानं' हा शब्द इथे महत्त्वाचा. बाई सांगतात तेव्हा ती सूचना होते: हिला त्रास देऊ नका. सूचना तासाला पाळली जाते, मधल्या सुट्टीत विसरली जाते. तू सांगतेस तेव्हा शेजारच्या बाकावरची मुलगी सांगते, आणि संध्याकाळी तीच मुलगी वर्गातल्या मुलींबरोबर लंगडी खेळते. बाईंनी मागे उभं राहावं, बोलावं तू.

नाव घेतल्यानं शिक्का बसतो असंही घरात कुणी म्हणेल. आपल्याच महाराष्ट्रातला अनुभव याच्या उलट आहे. अंगावरच्या पांढऱ्या डागांना 'श्वेतकुष्ठ' म्हणत, आणि त्या एका शब्दानं कुष्ठरोगाची सगळी भीती त्या माणसांवर लादली जाई. दोन्ही आजारांचा काडीचा संबंध नसताना. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, ज्यांना स्वतःला हे डाग आहेत, श्वेता असोसिएशन उभी केली, डाग असलेल्या माणसांना एकत्र आणलं, उघडपणे बोलायला लावलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००६ चा 'नितळ' हा चित्रपट याच विषयावरचा. शिक्का चुकीच्या नावानं बसतो, आणि योग्य नाव उघड घेतल्याखेरीज चुकीचं नाव जात नाही. तुझ्या बाबतीत 'कंपवात', 'अशक्तपणा', 'घाबरट' ही चुकीची नावं आहेत. आणि आपल्या गावाकडेच बघ ना. भैय्या चौकातल्या स्मारकापाशी ज्यांच्या नावानं आपली मान ताठ होते, ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनच्या युद्धभूमीवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी गेले. ज्या दुखण्यानं ते गेले त्याला अजून आपल्याकडे 'फिट येतात' असं आवाज खाली आणून म्हणतात. मेंदूच्या आजाराचं नाव कुजबुजत घ्यायची ही रीत तुझ्या पिढीनं तरी पुढे नेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

कायदाही सांगणाऱ्याच्या बाजूनं उभा आहे, हे तुला माहीत असावं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व नमूद आहे. त्यात पार्किन्सन्स आहे, इसेन्शियल ट्रेमरचं नाव मात्र नाही. पण याच कायद्यानं दिव्यांग व्यक्तीची जी व्याख्या केली आहे ती नीट वाचण्यासारखी आहे: दीर्घकालीन व्यंग, आणि त्याला आडवे येणारे समाजातले अडथळे, या दोहोंमुळे ज्याला इतरांच्या बरोबरीनं सहभागी होता येत नाही तो. म्हणजे तुझा कंप ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी वर्गातलं हसू, तीन तासांची घाईची उत्तरपत्रिका आणि काठोकाठ भरलेला पेला यांनी बनते, आणि ती बदलता येते. विकास कुमार या तरुणाला लिहिताना हात आखडण्याचा, रायटर्स क्रॅम्पचा, त्रास होता. केंद्रीय लोकसेवा आयोगानं त्याला लेखनिक नाकारला. ४० टक्के दिव्यांगत्वाची अट तो पूर्ण करत नव्हता. त्याच्या दाखल्यावर दिव्यांगत्व अवघं ६ टक्के होतं. सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाच्या निकालात, ही सोय फक्त ४० टक्केवाल्यांपुरती ठेवता येणार नाही असं ठरवलं. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्र सरकारनं ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या पण लिहायला त्रास होणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ होता. तुझ्या आजाराला यातली कोणती सोय लागू होईल ते सिव्हिल हॉस्पिटलमधल्या वैद्यकीय तपासणीवर आणि परीक्षा मंडळाच्या नियमांवर ठरेल, आज त्याची हमी मी देणार नाही. पण विकास कुमारला जे मिळालं ते स्वतःची अडचण लेखी, नावानिशी मांडल्यामुळे मिळालं, एवढं खरं.

आता सगळ्यात अवघड आक्षेप, जो तुझ्यासमोर कुणी स्पष्ट बोलणार नाही: मुलीची जात, उद्या स्थळं बघायची वेळ आली म्हणजे? चहाचा ट्रे धरताना कपबश्या वाजल्या म्हणजे? मला हा विचार तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवणंच अन्यायाचं वाटतं. तरी उत्तर देतो. ज्या घराला कपबशीचा आवाज सहन होत नाही, ते घर तुझं आयुष्यभराचं थरथरणं सहन करील ही आशाच चुकीची. आणि जे दुखणं वयाबरोबर हळूहळू वाढू शकतं आणि पुढच्या पिढीत उतरू शकतं, ते लपवून जोडलेलं नातं दोन्ही बाजूंना फसवतं. हॉलिवूडची कॅथरीन हेपबर्न हिला हाच कंप होता, डोकं आणि आवाज थरथरत असताना तिनं १९८१ च्या चित्रपटात काम केलं आणि चौथं ऑस्कर घेतलं. लोक पार्किन्सन्स म्हणत, ती नाही म्हणून सांगत राहिली. कॅमेऱ्यासमोर ज्याला लपवावं लागलं नाही, ते चहाच्या ट्रेसमोर का लपवायचं?

पण एक आक्षेप असा आहे, जो मला अर्धा मान्य आहे. दुखणं तिचं, त्रास तिला, आणि वर जगाला शिकवायचं कामही तिनंच करायचं? हे बरोबर नाही. म्हणून स्पष्ट लिहितो: सांगणं हे तुझं कर्तव्य नाही. आपल्या शरीराची माहिती देणं कुणालाच बंधनकारक नसतं. रोज रोज तेच उत्तर द्यायचा कंटाळा आला तर 'आज नको' म्हण. औषधाचं नाव, घरात आणखी कुणाला आहे का, हे सांगायची गरज नाही. मी सांग म्हणतोय ते वर्गाच्या भल्यासाठी नव्हे. गप्प राहण्याचं ओझं सांगण्याच्या ओझ्यापेक्षा जड आहे असं मला दिसतं म्हणून. सांगायला पाच मिनिटं लागतात, लपवायला अख्खा दिवस.

औषधाबद्दल थोडंसंच. प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन यांनी पुष्कळांचा कंप कमी होतो, बहुधा पूर्ण थांबत नाही. आणि दमा असणाऱ्याला प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत. तुला द्यायचं की नाही ते डॉक्टर आणि आई-बाबा ठरवतील. 'आधी औषधानं थांबू दे, मग सांगू' असं म्हणशील तर ती वाट कदाचित कधी संपणारच नाही.

सांगून झाल्यावर मागण्याही कर, पण नेमक्या. अर्धाच भरलेला पेला. जाड, जरा वजनदार पेन. लिहिताना कोपर टेकायला भिंतीकडची जागा. उत्तरपत्रिकेला थोडा जादा वेळ. प्रयोगशाळेत परीक्षानळी स्टँडला लावून देणं. 'मला प्रयोगच नको' असं मात्र म्हणू नकोस, आणि बाईंनी मायेनं सूट देऊ केली तरी घेऊ नकोस. स्पिरिटचा दिवा पेटवायचा जोडीदारानं, निरीक्षण आणि नोंद तुझी. ड्रॉइंगची एलिमेंटरी परीक्षा द्यायची असेल तर दे. रेघेला दाते पडतील, रंगाची आणि रचनेची जाण त्यानं कमी होत नाही.

आणि सांगूनही कुणी हसलं तर? हसेल, एखादा हसेलच. पण आज जो हसतो त्याला काही माहीत नसतं, आणि सगळा वर्ग त्याच्याइतकाच अजाण असतो. उद्या जो हसेल तो माहीत असून हसेल, आणि शेजारची चारजणं त्याच्याकडे वळून बघतील. तेवढ्यानं भागलं नाही तर बाईंना सांग, आणि मला सांग. त्या दिवशी बोलायचं काम मोठ्यांचं.

पुढच्या आठवड्यात बाईंना भेटून दिवस ठरव. वर्गात असतील तेवढे सुटे कागद आदल्या रात्रीच मोजून ठेव, सगळे सारख्या मापाचे. आणि प्रयोग सुरू करायच्या आधी पंखा बंद करायला सांग, नाहीतर कागद वाऱ्यानं हलला असं कुणीतरी म्हणेल.

तुझा,
मामा